व्याधावरचा आळ

कुणी काहीही सांगायला लागलं, की गुरुजी हात वर करून त्याला थांबवायचे आणि विचारायचे, "कुठं उभे होतात?"

दूधवाला सांगत आला, की हदगावच्या रस्त्याला गारा पडल्या, तरी हाच प्रश्न. घरमालकीण काकू म्हणाल्या, की शेजारणीनं आपल्याला बघून तोंड फिरवलं, तरी हाच प्रश्न.

"गुरुजी, गारा त्या गाराच," दूधवाला वैतागून म्हणाला. "उभं ऱ्हायलो काय अन् बसलो काय!"

"झाडाखाली होतात की उघड्यावर?"

"झाडाखाली. गारांत कोण उघड्यावर ऱ्हातंय?"

"मग तुम्ही गारा पाहिल्या नाहीत. पानांवरचा आवाज ऐकलात. आधी जागा सांगावी, मग गोष्ट सांगावी."

दूधवाल्याला ते अहो-जाहो करायचे. सगळ्यांनाच करायचे. दूधवाला मात्र त्या दिवसापासून माप घालून मुकाट्यानं निघून जाऊ लागला.

नांदेडला आम्ही एकाच घरात भाड्यानं राहत होतो आणि एकाच शाळेत शिकवत होतो. मी नवा, बावीस वर्षांचा, आरजी. म्हणजे नेमणूक तात्पुरती, आणि कायम होणं न होणं वरच्या साहेबांच्या मर्जीवर. ते पन्नाशीचे, भूगोल आणि हिशेब शिकवणारे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. नांदेड तेव्हा हैदराबाद संस्थानात, शाळेत शिकवणं उर्दूत असायचं, त्यामुळं दिवसभर त्यांच्या तोंडी 'सितारे' असायचे आणि घरी आल्यावर त्याच्याच चांदण्या व्हायच्या. हैदराबादेत शिकत असताना कुणी तरी त्यांना मोठ्या दुर्बिणीतून आकाश दाखवलं होतं. तेव्हापासून, ते म्हणायचे, आपलं एका जागी बूड टेकत नाही.

ते खरंच टेकत नसे. शुक्रवारी सुट्टी असायची. त्या सकाळी ते आपली बाज उचलून खोलीत दुसरीकडं लावायचे. आठवडाभर ज्या भिंतीकडं पाय, तिकडं आता उशी. जेवायला बसताना तोंडाची दिशा रोज वेगळी. शाळेला जायचा रस्ता रोज वेगळा, त्यामुळं कधी वीस मिनिटं आधी पोचायचे, तर कधी घंटेनंतर धापा टाकत. वर्गात शनिवारी आल्या आल्या पोरांच्या जागा बदलायचे. पुढच्याला मागं, खिडकीकडच्याला भिंतीकडं. मग स्वतः वर्गाच्या मागं जाऊन उभे राहायचे आणि तिथून शिकवायचे. पोरं माना मुरगाळून बघायची. आमचे सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक, एकदा मला म्हणाले होते, "हा माणूस शाळेत आहे की तांड्यावर?"

मला त्यांची भीती वाटायची. चिडायचे म्हणून नव्हे. ते चिडायचे नाहीतच. त्यांच्याजवळ बसलं, की आपण बसलोय ती जागा खरी नाही असं वाटायला लागायचं.

त्यांच्या खोलीत छताच्या वाशांना दोरे टांगलेले होते. आठ दोरे, कमीजास्त लांबीचे. सातांच्या टोकाला खडूच्या पाण्यात बुडवून पांढरे केलेले चिंचोके, आणि आठव्याच्या टोकाला एक टपोरी कवडी. पहिल्यांदा आत गेलो, तेव्हा कवडी माझ्या कपाळावर आपटली.

"लागली?" ते आनंदानं म्हणाले. "लागणारच. व्याध आहे तो. आपल्या अगदी जवळचा."

जमिनीवर गेरूनं दोन पावलं काढलेली होती. त्यांनी मला त्यांवर उभं केलं, एक डोळा मिटायला लावला आणि मान जराशी खाली दाबली. काय सांगू! खोलीभर विस्कटलेले ते चिंचोके एकदम समोर येऊन बसले. हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन चांदण्यांचा बाण, आणि बाणाच्या रेषेत, मागं, बाण सोडणारा व्याध. लहानपणी अंगणात आईनं दाखवलेलं मृग नक्षत्र, जसंच्या तसं.

"आता दोन पावलं उजवीकडं."

मी सरकलो. कवडी भर्रकन निघून दारापाशी गेली. हरणाचे पाय फाकले. बाण बाण राहिला नाही.

"हरीण त्या भिंतीशी टांगलंय आणि व्याध तुमच्या नाकाशी," गुरुजी म्हणाले. त्यांचा पाय जमिनीवर सारखा हलत होता. "आकाशातही तसंच आहे. व्याध आपल्या शेजारचा. हरीण इतकं लांब, की कोसांत सांगायला गेलो तर शाळा सुटेल. त्या दोघांची गाठ कधी पडलेली नाही. बाण सुटलेलाच नाही, मास्तर. फक्त आपण जिथं उभे आहोत, तिथून ते एका रेषेत दिसतात. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यावर जाऊन बघितलं, तर तिथल्या लोकांच्या गोष्टीत हा शिकारी नसेलच. पण आपण पिढ्यान्‌पिढ्या पोरांना सांगत आलो, की यानं हरीण मारलं. बिचाऱ्यावर केवढा आळ."

हे त्यांचं आवडतं वाक्य. बिचाऱ्यावर केवढा आळ. बोलता बोलता ते कवडीला बोटानं थोपटायचे, एखाद्या गुराला थोपटावं तसं.

ज्ञान कुठं सांगावं याचं भान त्यांना नव्हतं. काकूंच्या मुलीचं लग्न लागलं, तेव्हा संध्याकाळी भटजी नवरा-नवरीला अंगणात अरुंधती दाखवत होते. हे मधे शिरले. "वसिष्ठ आणि अरुंधती चिकटून दिसतात खरे," ते नवऱ्याला म्हणाले, "पण दोघांच्या मधे केवढं अंतर आहे, ते ठाऊक आहे का?"

काकूंनी पदर खोचला. "गुरुजी, पोरीच्या लग्नात अंतर काढून राहिलात तुम्ही! जावा, पंगतीला बसा."

"मी वाईट काय बोललो? एवढं अंतर असून जगाला जोडी दिसते. हे सोपं आहे का?"

"बसा म्हणते ना!"

ते पंगतीत बसले, आणि मधेच पान उचलून समोरच्या रांगेत गेले.

शाळेत त्यांचं म्हणणं मनापासून ऐकणारा एकच माणूस होता. लिंबाजी, शाळेचा चपराशी. बिलोलीकडचा, ठेंगणा, पाठीत किंचित वाकलेला. घंटा द्यायची, दौती भरायच्या, फळ्याची फडकी झटकायची ही त्याची कामं. कमरेच्या पट्ट्यावरचा पितळी बिल्ला तो चिंचेनं घासून लखलखीत ठेवायचा. दुपारी तो गुरुजींना भाकर आणून द्यायचा आणि उंबऱ्याशी बसून विचारायचा, "गुरुजी, मंग आपला सूर्व्य तिकडनं कसा दिसत आसंल?"

"चांदणीएवढा. कुणाच्या तरी गोष्टीत तो एखाद्या म्हशीचा डोळा असेल."

"म्हशीचा! हाव, ते ब्येस हाय," लिंबाजी म्हणायचा आणि हसत राहायचा.

आता ती गोष्ट. ती लिहायची म्हणून कागद घेऊन बसलो, त्याला बरेच दिवस झाले. आज तीनदा खुर्ची हलवून झाली आहे.

परीक्षेच्या पर्च्यांचा, म्हणजे प्रश्नपत्रिकांचा, लाखेनं बंद केलेला पुडका सदर मुदर्रिसांच्या कपाटात होता. परीक्षेच्या आदल्या दिवशी तो उघडलेला सापडला, आणि आत एक पर्चा कमी होता. गडबड उडाली. कुणी काय पाहिलं, अशी चौकशी सुरू झाली. मी पाहिलं होतं. त्याच्याही आदल्या दिवशी दुपारी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून मला लिंबाजी दिसला होता. त्याचा हात लांब केलेला, हातात पांढरं काही तरी. समोर मुंडाशातला एक उंच माणूस, त्याचाही हात पुढं आलेला. दोन हात एकमेकांना भिडले. मग लिंबाजीच्या हातातलं पांढरं नाहीसं झालं, आणि त्या माणसानं काही तरी झोळीत टाकलं.

हे सगळं मला दिसलं होतं. यात एकही शब्द बनवलेला नव्हता. सदर मुदर्रिसांनी जबाब लिहून मागितला. मी उर्दूत, चांगल्या अक्षरांत लिहून दिला आणि खाली सही केली. लिंबाजीला घरी बसवलं. शाळा तपासणारे मोहतमिम साहेब रविवारी येऊन निकाल देणार होते. माझं कायम होणंही त्याच साहेबांच्या हातात होतं.

जबाब दिल्याचं मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी हात वर केला नाही, थांबवलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर अगदी हळू विचारलं, "कुठं उभे होतात?"

"खिडकीत."

"कुठल्या? तीन आहेत."

"तिसऱ्या."

"जबाबात लिहिलंत?"

"त्यात काय लिहायचं?"

त्या रात्री त्यांच्या खोलीतून बाज सरकवल्याचा आवाज येत राहिला. शुक्रवार उजाडायचा होता.

शुक्रवारी दुपारी, नेमक्या त्याच वेळेला, ते मला रिकाम्या शाळेत घेऊन गेले. तिसऱ्या खिडकीत उभं केलं. "इथंच ना? हलू नका." मग स्वतः फळ्याचं फडकं घेऊन बाहेर गेले आणि घंटा टांगलेल्या लिंबाखाली, लिंबाजी रोज फडकी झटकतो तिथं, थोडे वाकून उभे राहिले. लिंबाजीही आलेला होता. शाळेच्या मागं नाला आहे. गुरुजींनी त्याला नाल्यापलीकडं पाठवलं, एका बाभळीपाशी, आणि ओरडून सांगितलं, "उंच दगडावर चढा! शेळ्यांना डहाळी वाकवता तसा हात करा!"

मधे तरवडाची दाट झुडपं होती. दोघांचे पाय दिसत नव्हते. नालाही दिसत नव्हता. गुरुजींनी फडकं धरून हात लांब केला. पलीकडं लिंबाजीनं हात वर केला.

दोन हात एकमेकांना भिडले.

 गुरुजींनी फडकं झटकलं, घडी केली. पांढरं नाहीसं झालं.

"दिसलं?" ते ओरडले. "आता दोन पावलं डावीकडं!"

मी सरकलो. हात सुटले. मधे हातभर मोकळी जागा. मी पळत पहिल्या खिडकीत गेलो. तिथून नाला दिसत होता, त्याच्या काठावरची दगडं दिसत होती, आणि एक माणूस अलीकडं होता, दुसरा पार पलीकडं.

लिंबाजी नाला उतरून, धोतर वर धरून आला. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही. गुरुजींनाच म्हणाला, "पलीकडं त्या येळंला शेळकीवाला असतोय रोज. त्यो आसंल, पाला झोळीत भरीत. मी तर फडकं झटकून राहिलो होतो."

"तुम्ही पर्चा घेतला की नाही, ते मला ठाऊक नाही," गुरुजी त्याला म्हणाले.

"गुरुजी!"

"ठाऊक नाही, म्हणून तसं म्हणालो. पण मास्तरांना जे दिसलं, ते घडलेलं नाही. एवढं ठाऊक आहे." मग माझ्याकडं वळून, "रविवारी एवढंच सांगा. दुसरं काही नको."

मी हो म्हणालो.

शनिवारी वडिलांचं पत्र आलं. नोकरी कायम झाली का, धाकटीला बघायला पाहुणे येताहेत, त्यांना काय सांगू. मी ते पत्र खिशात ठेवलं. जबाब फिरवणाऱ्या आरजी मास्तराला कोण कायम करतो?

रविवारी मोहतमिम साहेब सदर मुदर्रिसांच्या खुर्चीत बसले होते. लिंबाजी दाराबाहेर. साहेबांनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "अपने जवाब पर कायम हो?"

गुरुजी कोपऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. गेरूच्या पावलांवर उभं केलेलं पोर नक्षत्र सापडायच्या आधी डोळे बारीक करतं, तेव्हा ते जसे वाट बघायचे, तसे वाट बघत होते.

"जी हां," मी म्हणालो.

गुरुजी पुढं आले. "हुजूर, ज़रा उस खिड़की तक चलिए. बारह क़दम हैं."

साहेब हसले. "मास्टर साहब, हम यहीं से देख लेंगे."

सगळे हसले. मीही हसलो असेन. साहेबांनी लिंबाजीला बडतर्फ केलं. त्यानं आत येऊन कमरेचा पट्टा सोडला, बिल्ला धोतराच्या सोग्यानं एकदा पुसला आणि टेबलावर ठेवला.

महिन्याभरात मी कायम झालो. गुरुजींची बदली लातूरला झाली. त्यांनी दोरे गुंडाळून एका डब्यात भरले. लिंबाजीला बरोबर घेतलं. त्याला गावी जायला तोंड उरलं नव्हतं. मोटारीच्या अड्ड्यावर मी पोचवायला गेलो.  ते खिडकीजवळची जागा सोडून पलीकडं बसले, पुन्हा अलीकडं आले आणि मला म्हणाले, "तुम्ही खोटं बोलला नाहीत, मास्तर. जागा सांगितली नाहीत."

मोटार सुटली. ते खोटारडा म्हणाले असते, तर बरं झालं असतं.

लातूरहून त्यांची कार्डं यायची. वर तारखेच्या जागी पत्ता, आणि पत्त्याखाली 'गंजगोलाई, ओट्यावर, तोंड पूर्वेला' असं काही तरी. खाली दोन ओळी. इथली बाजरी बरी आहे. देवणीच्या बैलांची जोडी पाहिली, दोन्ही बाजूंनी. लिंबाजी नमस्कार सांगतो. त्या गोष्टीबद्दल कधी एक अक्षर नाही. मी उत्तरात हवापाणी लिहायचो. मला पुढं कळलं, की त्यांनी लिंबाजीसाठी वर तीन अर्ज पाठवले होते. तिन्ही परत आले, एकच शेरा घेऊन : साक्षीदाराचा जबाब कायम आहे.

मग एक दिवस दुसऱ्याच्या अक्षरातलं कार्ड आलं. गुरुजी गेले. दोरे अजून टांगलेले आहेत, घरमालक तोडा म्हणतात, तुम्ही एकदा येऊन जा. खाली लिंबाजीचा अंगठा.

मी पोचलो, तेव्हा दुपार होती. घरमालक ओट्यावरच भेटले. "तुम्ही त्यांचे कोण? ते लटकलेलं काढून टाका बुवा. बायामाणसं भेतात. करणी म्हणतात."

खोली नांदेडला होती तशीच होती. बाज दारात आडवी लावलेली, म्हणजे शेवटचा शुक्रवार त्यांना मिळाला होता. सात चिंचोके आणि कवडी. जमिनीवर गेरूची पावलं. मी जोडे काढले, त्यांवर उभा राहिलो, एक डोळा मिटला. हरीण आलं, बाण आला, मागं व्याध आला. माझे डोळे भरून आले आणि सगळं पुसट झालं.

"तसंच आहे," मी म्हणालो.

लिंबाजी चुलीजवळच्या कोपऱ्यात बसला होता. आणखी वाकला होता. "तिथनं समद्यांला तसंच दिसतंय," तो म्हणाला. "हिकडं या."

मी गेलो. उभा राहिलो. कवडी कुठं तरी मधेच लोंबत होती, कशाचीच काही नव्हती.

"उभं ऱ्हाऊन बघून राहिले तुमी. खाली बसा. माझ्या जागंवर." तो सरकला. तिथंही गेरूचं एक चिन्ह होतं, लहानसं, बसणाऱ्या माणसासाठी.

मी बसलो. भिंतीला पाठ टेकली, जिथं त्याच्या पाठीनं चुना घासून काढला होता. कवडी खिडकीपाशी गेली. एकटी, उजेडात. हरीण पार दुसऱ्या भिंतीला. बाणाच्या तीन चिंचोक्यांची रेषा कोऱ्या भिंतीकडं जात होती. तिच्या मागं कुणीही नव्हतं.

"गुरुजी म्हनायचे, लिंबाजी, ही तुमची जागा. हितनं बघा, त्यानं कुनाला मारलं न्हाई," लिंबाजी म्हणाला. "मी रोज बघतो. लई बरं वाटतंय. पर मास्तर, मी एकटाच बघून काय उपेग? गावात मला अजून पर्चा इकणाराच म्हनतेत. नातवाच्या बारशाला बी बोलावलं न्हाई."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. त्यामुळं मला तिथून उठता येईना.

पहिला जबाब चुकला असं लिहून दिलं, की कायम झालेली नोकरीही कायम राहणार नाही, हे मला ठाऊक होतं. घरी बायको होती, वर्षाची मुलगी होती. मी ते सगळं त्या कोपऱ्यात बसून मनात एकदा इकडून, एकदा तिकडून बघितलं. मग गुरुजींची दौत मागितली. कागद मांडीवरच्या पाटीवर ठेवला. उर्दूत, चांगल्या अक्षरांत, पहिली ओळ लिहिली : त्या दुपारी मी शिक्षकांच्या खोलीच्या तिसऱ्या खिडकीत उभा होतो.

"काय लिहून राहिले?" लिंबाजीनं विचारलं.

"जागा," मी म्हणालो.

तो काही वेळ माझ्या हाताकडं बघत राहिला. वाऱ्यानं दोरे हलायला लागले होते. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, खिडकीचं एक दार ओढून घेतलं, आणि कवडी स्थिर होईपर्यंत तिला बोटानं धरून उभा राहिला.